पुरात जॉबर नव्हता, फॉल्ट कमी झाले

प्रश्न: आमचे इचलकरंजीत 24 माग आहेत. ऑगस्ट 2019 च्या पुरात नदीकाठी राहणारा आमचा जॉबर (माग लावून देणारा, दुरुस्त करणारा कारागीर) 8 दिवस येऊ शकला नाही. विणकरांनीच माग सांभाळले आणि कापडातले फॉल्ट निम्म्यावर आले. तेव्हापासून धाकटा भाऊ म्हणतो, जॉबरचा पगार फुकट जातोय. आता त्याला काढायचं चाललंय. काय करावं?
– एक यंत्रमागधारक

उत्तर: दादा, एवढ्यावर माणूस काढू नका. पुराने तुम्हाला एक मोलाची गोष्ट दिली हे खरं. कोण गैरहजर राहणार हे तुम्ही नाही, पाण्याने ठरवलं. एरवी आपण रजा देतो तीच मुळी काम हलकं असताना, मग तुलना कशाची करणार?

पण पूर एकट्या जॉबरला अडवत नाही. रस्ते बंद, म्हणजे सूत आलं नसणार. मागावर होती तीच बीमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) चालली असतील. जॉबरची खरी कसोटी बीम बदलताना लागते. मी 21 वर्षं गिरणीच्या विणकाम खात्यात होते. नव्या बीमच्या सुरुवातीच्या मीटरांत पाहिले तेवढे फॉल्ट मी पुढे कधी पाहिले नाहीत. शिवाय त्या दिवसांत कामावर आलं कोण? सगळेच विणकर, की जवळ राहणारे चार जुने हात?

फेब्रुवारी 2014 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. काही स्टेशनं बंद, काही चालू. संशोधकांनी प्रवाशांच्या कार्डांवरच्या नोंदी तपासल्या. वाट बदलावी लागलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच वाटेने जात राहिले. हे संपामुळेच झालं असं म्हणता आलं, कारण संपाची झळ न लागलेले प्रवासीही त्याच नोंदींत होते.

तुमचे असे ‘झळ न लागलेले’ शोधा. तुमच्यासारखंच कापड काढणारा, पण ज्याचा जॉबर पुरातही कामावर होता, असा शेजारचा कारखाना. त्याचेही फॉल्ट त्या आठवड्यात घटले असतील, तर कारण जॉबर नव्हे. जुलै 2021 मध्येही पंचगंगेला पूर आला होता. तेव्हा तुमचा जॉबर अडकला असेल, तर त्या दिवसांची पानंही काढा. आणि 2019 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात माग बिघडून किती तास उभे राहिले ते पाहा. तेलपाणी चुकलेला माग आठ दिवसांत कुरकुरत नाही, महिन्याने कुरकुरतो.

आकडे निघाले की मला पाठवा. तोवर भावाला जॉबरशी काही बोलू देऊ नका.