गुंतवणूक : वाचकांचे प्रश्न – उलाढाल कोणाची, अडत कोणाची?

प्रश्न : मी सहकारनगरला राहते आणि बँकेतून निवृत्त झाले आहे. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर दिवसभर ऑनलाइन मागवलेल्या पार्सलांचा ढीग असतो. मुलाचे म्हणणे असे की, जो तो घरबसल्या खरेदी करत असताना या कंपन्यांचे शेअर न घेणे म्हणजे समोर आलेली संधी घालवणे. माझी दोन लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होते आहे. ती या शेअरमध्ये घालावी का, आणि घालायची तर कंपनीच्या आकड्यांत काय पाहावे?

उत्तर : त्या ढिगावरून एवढेच कळते की माल विकला गेला, पिशवीवर ज्या कंपनीचे नाव आहे तिच्या पदरात किती पडले, ते त्यावरून कळत नाही. मार्केट यार्डातल्या अडत्याच्या गाळ्यावर दिवसात पाच लाखांचा कांदा विकला गेला, म्हणून त्याचे उत्पन्न पाच लाख झाले असे गुलटेकडीत कोणी म्हणणार नाही. त्याचे उत्पन्न म्हणजे त्याची अडत, म्हणजे विक्रीवरचे कमिशन, आणि दिवाणजीचा पगार व गाळ्याचा खर्च त्यातूनच जायचा. मोठी खरेदी-ॲप बहुतांशी याच रीतीने चालतात. त्याला कायद्याचेही कारण आहे : परदेशी मालकीच्या कंपनीला इतर विक्रेत्यांसाठी बाजार मांडता येतो, परंतु काही अपवाद सोडले तर स्वतःचा माल साठवून तो ग्राहकाला ऑनलाइन विकता येत नाही.

आता हजार रुपयांचा एक कुर्ता घेऊ. पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. विक्रेत्याकडून कमिशनचे १५० आणि कुर्ता यादीत वर दाखवण्याच्या जाहिरातीचे ३०, असे १८० रुपये ॲपला मिळाले. त्यातून घरपोच देण्याचे ७०, पॅकिंग व पैसे भरण्याच्या यंत्रणेचे २५, ग्राहकाला दिलेल्या कूपनचे ५० आणि तक्रार-विभागाचे १५ वजा केले की हाती २० रुपये राहतात. पाच कुर्त्यांपैकी एक जरी परत आला, तरी त्याचे कमिशन जाते आणि जाण्याचे ७० व येण्याचे ६०, असे १३० रुपये अंगावर पडतात. म्हणजे उरलेल्या चार कुर्त्यांवरचे ८० रुपये गिळून वर ५० रुपयांची खोट. ‘पैसे माल मिळाल्यावर’ असा व्यवहार असला आणि दारात माणूस भेटला नाही किंवा त्याने नको म्हटले, तर असेच होते. या धंद्यातली माणसे अशा परतीच्या मालाला ‘आरटीओ’ म्हणतात (संगम पुलाजवळच्या कचेरीशी त्याचा संबंध नाही, मनस्ताप मात्र सारखाच). म्हणून एकूण विक्रीच्या आकड्यापेक्षा दर ऑर्डरमागे काय उरते आणि ते तिमाहीगणिक वाढते की नाही, हे आधी पाहावे.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अडत्याने उद्या अडत सोडून स्वतःच कांदा विकत घेऊन विकायला सुरुवात केली, तर कांदा तितकाच असूनही त्याच्या वहीतली विक्री एकदम कित्येक पटींनी फुगते. झोमॅटो (घरपोच जेवण) आणि ब्लिंकिट (घरपोच किराणा) ही ॲप चालवणाऱ्या इटर्नल कंपनीने २०२५ मध्ये परदेशी भागधारणेवर मर्यादा घालून घेतली आणि ब्लिंकिटवर स्वतःचा माल विकण्याकडे वळली. जुलै–सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत तिचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या सुमारे ४,८०० कोटींवरून सुमारे १३,६०० कोटींवर गेले, तर निव्वळ नफा १७६ कोटींवरून ६५ कोटींवर आला. उत्पन्न जवळजवळ तिप्पट झाल्याचा मथळा वाचून ज्याने शेअर घेतला असेल, त्याने धंद्याची वाढ आणि हिशेबाची बदललेली रीत यांची गल्लत केली.

भावाविषयी थोडक्यात. झोमॅटोचा, म्हणजे आजच्या इटर्नलचा, शेअर जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना विक्रीस आला आणि पहिल्याच दिवशी शंभरीपार गेला. शेअर बाजारात आल्यावर जुन्या भागधारकांना ठरावीक मुदतीपर्यंत आपले शेअर विकता येत नाहीत; वर्षभराने हे बंधन उठताच तो ४५ रुपयांच्याही खाली घसरला आणि पुढे अनेक पटींनी वाढला. लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या आपल्या पुण्याच्या फर्स्टक्रायचा शेअर ऑगस्ट २०२४ मध्ये ४६५ रुपयांना देण्यात आला होता; बाजारातली नोंदणी ६५० च्या आसपास झाली, आणि २०२५ मध्ये तो मूळ भावाखाली मिळत होता. शेअर बाजारात येताच गर्दीत शिरण्यापेक्षा बंधनाची मुदत संपेपर्यंत थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

तुमच्या दोन लाखांवर घरखर्च किंवा औषधपाणी अवलंबून असेल, तर ती ठेव पुन्हा ठेवीतच राहू द्यावी. तसे नसेल तर वीस-पंचवीस हजार रुपये, तेही एकदम नव्हे तर तीन-चार तिमाहींचे निकाल पाहत, घालण्यास माझी हरकत नाही. बाकीची हौस चिरंजिवांनी त्यांच्या पगारातून भागवावी.

प्रश्न : तुळशीबागेत आमचे पितळी भांड्यांचे दुकान आहे. दिवाळीपासून एका ॲपवर विक्री सुरू केली, पण खात्यात जमा होणारी रक्कम आमच्या हिशेबाशी जुळत नाही. कमिशनखेरीज आणखी काय कापले जाते?

उत्तर : दोन कर-कपाती पाहा. करपात्र विक्रीमूल्यावर जीएसटीपोटी अर्धा टक्का गोळा केला जातो. जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता. दुसरी कपात प्राप्तिकराची, एकूण विक्रीवर ०.१ टक्का. यातले काहीही बुडीत नाही : जीएसटीची रक्कम पोर्टलवर स्वीकारली की तुमच्या रोख खातेवहीत जमा होते आणि प्राप्तिकराची रक्कम विवरणपत्रात वळती करून घेता येते. एवढे करूनही फरक राहिला, तर परतीच्या मालाचा वाहतूकखर्च तपासा. पितळी समई वजनाला जड असते, आणि वजनाचा टप्पा चुकीचा धरल्याने जादा आकारणी झाल्याच्या तक्रारी माझ्याकडे बऱ्याच येतात. पार्सल बांधून काट्यावर ठेवल्याचे छायाचित्र प्रत्येक वेळी काढून ठेवा. वाद घालताना तेच उपयोगी पडते.