समान पगार मागणार नाही असं लिहून दिलंय, आता काय?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत सहा वर्षं कर विभागात बसताय, दर 11 महिन्यांनी नवी ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा ब्रेक, हातात 13 हजार, आणि शेजारच्या टेबलावरच्या पर्मनंट लिपिकाला जवळपास तिप्पट. एमआयडीसीतल्या ऑपरेटरलासुद्धा तुमच्यापेक्षा जास्त. वर स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय की समान पगार मागणार नाही. कोर्टात जाता येईल का?

येईल, पण एमआयडीसीचा मुद्दा सोडून द्या. बाजारभावाने पगार द्या असं कोर्ट नगरपरिषदेला सांगत नाही, शेजारच्या महापालिकेइतका द्या असंही नाही, तो मालकच वेगळा. पगाराचा तसा फेरआढावा हा सभेच्या ठरावाचा आणि सरकारच्या मंजुरीचा विषय, आणि ती फाइल कशी हलते ते तुम्ही रोज बघताच.

तुमची केस शेजारच्या टेबलाची आहे. पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग, सुप्रीम कोर्ट, 2016. तात्पुरता माणूस रेग्युलर माणसाचंच काम करत असेल तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतला किमान पगार मिळायला पाहिजे. किमान बरं का. लिपिकाची एस-6 श्रेणी 19,900 पासून सुरू होते, मागणी तेवढीच, शेजारच्यांची इतक्या वर्षांची इन्क्रिमेंट धरून नाही. आणि त्या स्टॅम्प पेपरला घाबरू नका, याच निकालात कोर्ट म्हणतं की कमी पगारावर कुणी खुशीने राबत नाही, घर चालवायचं असतं म्हणून राबतो.

खरी मेहनत पुराव्याची. काम तेच आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल, आणि "आम्ही दोघं एकच काम करतो" एवढं बोलून भागत नाही. कामवाटपाचा आदेश, असेसमेंट रजिस्टरमधलं तुमचं अक्षर, वसुलीच्या पावत्यांवरच्या सह्या, हजेरी, आजवरच्या सगळ्या ऑर्डरी गोळा करा, नसेल ते माहिती अधिकारात मागवा, त्या लिपिकाचं कामवाटपसुद्धा. ऑर्डरवर थेट मुख्याधिकाऱ्यांची सही आहे हे तुमचं नशीब, ठेकेदाराकडून असता तर हीच केस फार अवघड झाली असती.

पर्मनंट करा ही मागणी यात मिसळू नका. तिथे 2006 चा सुप्रीम कोर्टाचा उमादेवी निकाल आडवा येतो, रीतसर भरतीशिवाय घेतलेल्यांना पर्मनंट करायचा हक्क नाही असं सांगणारा, भरतीची जाहिरात होती का, निवड कशी झाली, सगळं उकरलं जातं आणि पगाराचा साधा मुद्दा मागे पडतो.

आधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, कॉपीवर आवक शिक्का घ्या. उत्तर नाही आलं तर रिट, म्हणजे थेट हायकोर्टात याचिका, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. पगारातला फरक साधारण केस टाकल्यापासून मागच्या तीन वर्षांचाच मिळतो, म्हणजे जितका उशीर कराल तितके जुने महिने हातचे जाणार. अर्ज मात्र चालू ऑर्डर संपायच्या आत द्या, ब्रेकच्या दिवशी दिलात तर या सध्या आमच्या कर्मचारीच नाहीत असा शेरा मारायला ते मोकळे.