नमुने लायबेरियाचे, नावं परदेशी

आफ्रिका-आशियावरचं संशोधन युरोप-अमेरिकेच्याच नावावर का निघतं, कारण फक्त पैसा आहे का, असं तुम्ही विचारलंत. पैसा आहेच. पण ज्याचा पैसा, तोच प्रश्न ठरवतो आणि उत्तर कुणाला कळवायचं हेही तोच बघतो. मला यातलं दुसरं जास्त गंभीर वाटतं.

लायबेरियाचं बघा. १९८२ मध्ये जर्मन संशोधकांनी तिथल्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून लिहिलं, की काहींच्या रक्तात इबोलाच्या अँटीबॉडी सापडतात, तेव्हा हा देशही इबोलाच्या टापूत धरायला हवा. लेखकांत लायबेरियाचं कुणीच नव्हतं. २०१४ मध्ये साथ आली आणि एकट्या लायबेरियात ४,८०० हून जास्त माणसं गेली. पुढच्या वर्षी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी सहकाऱ्यांसह न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की आमच्यापैकी कुणाला हा पेपर ठाऊकच नव्हता. असा एक पेपर डाउनलोड करायला ४५ डॉलर पडत होते, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा जवळपास अर्ध्या आठवड्याचा पगार! सहलेखक म्हणून स्थानिक माणूस हवा तो मानासाठी नव्हे. राजधानी मन्रोव्हियातला एखादा डॉक्टर त्यात असता, तर त्याने निदान आपल्या विद्यार्थ्यांना तरी हे सांगितलं असतं.

आता ओपन अॅक्सेसने निघालेले पेपर वाचायला पैसे पडत नाहीत, पण छापायचा खर्च लेखकावर आलाय. 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने २०२१ पासून त्यासाठी ९,५०० युरो लावले. आकडा ऐकून आपल्याकडचे पीएचडीचे गाइड हात वर करतात.

उलटं उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. प्रश्न तिथला, काम शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायकांचं, आणि पुढे आशाताईंच्या कामातही ते आलं. अर्थात बंग दांपत्य जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलं होतं, हे आपण सोयीस्कर विसरतो.

तुम्ही परदेशी प्रकल्पात डेटा गोळा करायला जाणार असाल, तर पेपरवर तुमचं नाव येणार का, नमुने कुठे राहणार आणि निष्कर्ष जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कधी कळवणार, हे कामाला लागण्याआधी लेखी घ्या. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांच्या पेपरात आपलं नाव आभारात येतं, तेही आलं तर.