अ‍ॅक्सेसमध्ये थकबाकीची यादी: आधी क्वेरी तपासा

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये थकबाकीचा रिपोर्ट, म्हणजे छापायची यादी, बनवताना त्याच्या डिझाइनला एवढ्यात हात लावू नका. सोसायटीच्या यादीतून नेमके पैसे न भरलेलेच सभासद गायब होतात, त्याचं मूळ क्वेरीत, म्हणजे टेबलांतून हव्या त्या नोंदी काढणाऱ्या मांडणीत आहे. सभासद आणि पावत्या ही टेबलं जोडली की अ‍ॅक्सेस फक्त दोन्हीकडे जुळणाऱ्या नोंदी देतं. क्वेरीच्या डिझाइनमध्ये दोन टेबलांना जोडणाऱ्या रेषेवर डबल-क्लिक करा आणि सभासदांच्या सगळ्या नोंदी घेणारा पर्याय निवडा.

पण त्याच क्वेरीत पावतीच्या तारखेला एप्रिलची अट घातलीत, तर ती माणसं पुन्हा गळतात. पावतीच नाही, म्हणजे तारीख रिकामी, मग अट जुळणार कशी? मी इथेच दोन दिवस अडकले होते. एप्रिलच्या पावत्यांची वेगळी क्वेरी करा, सभासदनिहाय बेरीज तिथेच घ्या आणि मग ती सभासदांच्या टेबलाला त्याच पर्यायाने जोडा. जमा रकमेला एनझेड (Nz) हे फंक्शन लावून रिकाम्या जागी 0 आणा. नाहीतर देय वजा जमा हेही रिकामंच येईल.

रिपोर्टचा क्रम क्वेरीच्या भरवशावर सोडू नका, रिपोर्टमध्येच विंगप्रमाणे ग्रुप आणि सॉर्ट लावा. विंगची बेरीज ग्रुप फूटरमध्ये, म्हणजे प्रत्येक विंगच्या शेवटी येणाऱ्या पट्टीत. पेज फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, ‘सम’ (Sum) हे बेरजेचं फंक्शन लिहिलं की एरर येते. फ्लॅट नंबर टेक्स्ट असेल तर 10 हा 2 च्या आधी छापला जाईल, तिथे टेक्स्टचा आकडा करणारं ‘व्हॅल’ (Val) हे फंक्शन वापरा.