ती वही आधी तिला परत द्या

पत्र : बडोद्यात वाडी भागात राहतो, रिक्षा चालवतो. मुलगी अकरावी सायन्सला, बी ग्रुप, म्हणजे गणित नाही, जीवशास्त्र. दहावीला ७४ टक्के. कर्ज काढून नीटचा क्लास लावलाय, चाचणीत ७२० पैकी १४८ आले. आमच्या वस्तीत दर रविवारी एक संस्था मुलांना विज्ञान शिकवते. त्यांनी तिला जामनगरकडे समुद्रावर नेलं, तेव्हापासून ‘मला समुद्राचंच शिकायचं’ म्हणते. शंख-खेकडे मोजून वहीत लिहीत बसते. एका पानाचा फोटो पाठवतोय. वही मी कपाटात कुलूपबंद केली, तिनं काही न बोलता दिली. बारावी झाली की देईन. एक एजंट अडीच लाखांत मरीनचा कोर्स आणि जहाजावर नोकरी म्हणतो. आम्हा बडोदेकरांचा समुद्राशी काय संबंध? तिची आई मूळची श्रीवर्धनची, तीच फूस देते. पुढच्या फेरीला पालकांनाही बोलावलंय, पण दोन दिवसांचा धंदा बुडतो. तिला पोहताही येत नाही. काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. गुणांची मला एवढी काळजी वाटली नाही. अकरावीची चाचणी आहे, गुण वाढतील किंवा वाढणार नाहीत. मला टोचलं ते कुलूप, आणि त्याहून जास्त ‘तिनं काही न बोलता दिली’ हे वाक्य.

क्लासच्या हप्त्यासाठी तुम्ही रात्री उशिरापर्यंत रिक्षा चालवता, हे ती रोज बघते. म्हणून ती भांडली नाही. भांडणारी मुलं मला परवडतात, त्यांच्या मनात काय आहे ते तरी कळतं. मुकाट्यानं वही देणारी मुलगी उद्या मुकाट्यानं दोन वर्षं क्लासला जाईल, आणि नीटचा निकाल लागल्यावर स्वतःला कर्जाचं कारण समजेल. कर्ज तुम्ही प्रेमापोटी काढलंत, यात शंका नाही. पण त्याचं ओझं आज तिच्या पाठीवर आहे, आणि ते तुम्हीच उतरवू शकता.

आता ते पान. वेळ वाया घालवते याचा पुरावा म्हणून तुम्ही ते पाठवलंत. मी ते जपून ठेवलंय. वर लिहिलंय : नरारा (म्हणजे जामनगरकडचा तोच किनारा), सकाळची ओहोटी. पाइपची चौकोनी चौकट खडकावर टाकून आतले शंख मोजलेत. काठाकडे ११, ९, १४. पाण्याकडे ३, ४, १. खाली बारीक अक्षरात : ‘खेकड्यांची एक चौकट धरली नाही, माझी सावली पडली आणि ते बिळात पळाले.’ आणि शेवटी प्रश्न : ‘काठाकडे पाणी कमी वेळ असतं, तरी शंख तिथेच जास्त का?’

किनाऱ्यावरच्या जिवांची गणती अशीच करतात. त्या चौकटीला क्वाड्रॅट म्हणतात आणि संशोधक आयुष्यभर ती वापरतात. चुकलेला आकडा सोडून देऊन तो का सोडला हे लिहून ठेवणं, ही शिस्त मोठ्या पदव्या घेतलेल्यांकडेही मला नेहमी दिसत नाही. तुमच्या मुलीनं ती एका ओहोटीत उचलली. पुस्तकातल्या चित्रावरून हे येत नाही. दगड स्वतः उलटावा लागतो, खालचं बघून तो होता तसा परत ठेवावा लागतो. ज्या घरात सहलीला पैसे नसतात, त्या घरातल्या मुलांना ही संधी सहसा मिळतच नाही. तिला मिळाली आहे.

‘आम्हा बडोदेकरांचा समुद्राशी काय संबंध’ हे मी अनेक घरांत ऐकतो. तुमच्या विश्वामित्री नदीचं पाणी ढाढर नदीला मिळतं आणि ढाढर खंभातच्या आखातात जाते. तुमच्या नाल्यात टाकलेली पिशवी समुद्रातच पोचते. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाच्या पिलाचा सांगाडा आहे. ते १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलं होतं. आणि कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेला द्वारका-ओख्याकडचा भाग, ओखामंडळ, तर बडोदा संस्थानातच होता. महाराज सयाजीरावांच्या सरकारनं तिथल्या सागरी जिवांची पाहणी सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतली, अहवालाचा पहिला भाग १९०९ साली आला. तुमची मुलगी जिथं चौकट टाकून बसली, ते नरारा त्याच कच्छच्या आखातात आहे. आता तिथे १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. पुढच्या रविवारी आधी तो सांगाडा तिला दाखवून आणा.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. ‘मरीन’ या शब्दावर हे लोक जगतात. जहाजावर अधिकारी व्हायला बारावीला गणित लागतं, तुमच्या मुलीकडे ते नाही. शिवाय असा कोर्स चालवणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता लागते. आणि तिनं जहाज मागितलेलंच नाही.

कोर्सचं थोडक्यात : बी ग्रुपवर बी.एफ.एससी. हा मत्स्यविज्ञानाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याचं कॉलेज वेरावळला आहे. किंवा घरी राहून सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्रात बी.एससी., मग एम.एससी.ला सागरी विषय. डॉक्टरइतका पैसा यात नाही आणि सरकारी जागा थोड्या आहेत, हे तिलाही आत्ताच सांगा. सुरत-नवसारीकडचे कोळंबीचे तलाव, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, संशोधन प्रकल्प, अशी कामं मिळतात. नीटचा क्लास पुढच्या हप्त्याआधी थांबवायचा की नाही, हे तिला विचारून ठरवा. तिला विचारून म्हणजे तिचं उत्तर ऐकेपर्यंत गप्प बसून.

तिच्या आईला ‘फूस देणारी’ म्हणू नका. श्रीवर्धनच्या बाईला तिथीची पाऊणपट माहीत असणार. तिथीचा आकडा गुणिले पाऊण, ती भरतीची वेळ : चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, हे ती कॅलेंडर न बघता सांगेल. तो हिशोब कोकणचा. नराऱ्याला तो कितपत जुळतो, हे मायलेकींनी भरतीच्या छापील कोष्टकाशी ताडून त्याच वहीत लिहावं.

आणि तुम्ही त्या फेरीला जा. दोन दिवसांचा धंदा बुडेल, खरं आहे, तुमच्या घरात ती लहान रक्कम नाही. तरीही जा. मुलगी खडकावर वाकून काय बघते, हे तुम्ही एकदा तिच्या शेजारी बसून पाहिल्याशिवाय आपल्या या पत्रव्यवहाराला अर्थ नाही. पोहण्याची भीती नको, ओहोटीत सोबत्यांबरोबर उथळ पाण्यातून चालायचं असतं. फक्त पायात चप्पल नको, चिखलात ती राहते आणि खडक कापतो. जुने बूट घाला, तुम्हीही आणि तीही.