पूरक्षेत्रातलं घर आणि 900 डॉलरचं सर्टिफिकेट

प्रश्न: न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत आम्ही पहिलं घर घेतोय. क्लोजिंगला (घर नावावर होण्याला) पाच आठवडे आहेत. घर एई झोनमध्ये (सरकारी नकाशावरच्या जास्त धोक्याच्या पूरक्षेत्रात) निघाल्यामुळे कर्ज देणाऱ्या लेंडरने फ्लड इन्शुरन्स सक्तीचा केला आहे. एजंटने वर्षाला 1,900 डॉलर प्रीमियम सांगितला. ओळखीचे एक काका म्हणतात, "एलिव्हेशन सर्टिफिकेट काढा, प्रीमियम निम्म्यावर येतो, जमलं तर इन्शुरन्सच सुटतो." घराची आणि जमिनीची उंची मोजून ते सर्टिफिकेट देणारा सर्व्हेअर 900 डॉलर मागतोय. एजंट म्हणतो, आता त्याची गरजच उरलेली नाही. डाउन पेमेंटनंतर हातात फारसं राहणार नाही. हे पैसे घालावेत का?

उत्तर: क्लोजिंगच्या आधी घालू नका. नंतर घालायचे की नाही, ते जमिनीच्या एका आकड्यावर ठरेल.

काकांचा सल्ला त्यांच्या काळात बरोबर होता. पूर्वी फेमाच्या (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या) इन्शुरन्सचा दर झोन आणि घराची उंची पाहून ठरायचा आणि एई झोनमध्ये हे सर्टिफिकेट खरोखर मोठा फरक पाडायचं. ऑक्टोबर 2021 पासून नव्या पॉलिसींना आणि एप्रिल 2022 पासून जुन्यांनाही नवी दरपद्धत लागू झाली. आता नदीपासूनचं अंतर, घर नव्याने बांधायचा खर्च, पाया कुठल्या प्रकारचा, पहिला मजला जमिनीपासून किती वर, असं सगळं धरून दर निघतो. सर्टिफिकेट सक्तीचं नाही. मात्र दिलंत आणि त्यातली उंची फेमाच्या अंदाजापेक्षा तुमच्या फायद्याची निघाली, तर तीच धरतात. तोट्याची निघाली तर दर वाढवत नाहीत. म्हणजे एजंटचंही अर्धंच खरं आहे.

आता फुकटात होणारी कामं आधी उरका. विकणाऱ्याकडे जुनं सर्टिफिकेट मागा. त्याच्याकडे नसेल तर टाउनशिपच्या फ्लडप्लेन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला (पूरक्षेत्राचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करा. त्यांच्या दप्तरात बऱ्याच घरांची सापडतात. मिळालं तर त्यावरची आधारपातळी (उंची जिथून मोजतात ती शून्य पातळी) बघा. जुनी सर्टिफिकेटं 1929 च्या पातळीवर असतात, आजचे नकाशे 1988 च्या. न्यू जर्सीत दोन्हींत साधारण फूटभराचा फरक आहे, म्हणून ते आकडे थेट शेजारी ठेवू नका.

दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही: सर्टिफिकेटच्या सध्याच्या फॉर्ममध्ये एच नावाचा भाग आहे. पहिल्या मजल्याची जमिनीपासूनची उंची त्यात घरमालकालाच भरता येते. सर्व्हेची गरज नाही, टेप आणि घराचे फोटो पुरतात. सोबत ए आणि बी हे माहितीचे भाग भरायचे आणि आय मध्ये सही करायची. हा भाग फक्त इन्शुरन्सच्या कामाचा आहे. प्रीमियम कमी होतोय का एवढंच बघायचं असेल, तर 900 डॉलर न घालताही ते कळतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विकणाऱ्याची फ्लड पॉलिसी चालू आहे का, हे आजच विचारा. ती खरेदीदाराच्या नावावर करता येते. नव्या दरपद्धतीच्या आधीची पॉलिसी असेल तर तिचा प्रीमियम अजून पूर्ण दरापर्यंत चढलेला नसू शकतो, आणि राहत्या घराला वर्षाची वाढ बहुतेक वेळा 18 टक्क्यांच्या आत राहते. ती सवलत तुमच्याकडे येईल. तुम्ही कोरी पॉलिसी घेतलीत, तर पहिल्या दिवसापासून पूर्ण दर.

मग सर्व्हेअर कशासाठी? घर नकाशावरच्या पूरक्षेत्रातून बाहेर काढण्यासाठी. फॉर्मचा सी भाग फक्त परवानाधारक सर्व्हेअर, इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच भरू शकतो. त्यात बेसमेंटची फरशी, तिच्यावरचा मजला, फर्नेस आणि वॉटर हीटर कुठे बसवलेत, हे सगळं मोजतात. पण फेमाकडे अर्ज करताना निर्णायक ठरतो एकच आकडा: घराला टेकलेल्या जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू. पुढचा दरवाजा कितीही उंच असो, तो इथे उपयोगाचा नाही. घरामागे जमीन ओढ्याकडे उतरत असेल आणि डेक घराला जोडलेला असेल, तर त्या डेकचा शेवटचा खांब जिथे जमिनीत जातो, तो बिंदूही धरतात. तिथे अर्धा फूट कमी पडला की अर्ज फेटाळला जातो. तो बिंदू नकाशावरच्या पूरपातळीइतका किंवा वर असला, आणि जमीन भर घालून उचललेली नसली, तर एका घराचा अर्ज साध्या फॉर्मवर होतो. फेमा त्याची फी घेत नाही. कागद पूर्ण पोचल्यावर निकालाला साधारण 60 दिवस धरा, म्हणजे तुमच्या क्लोजिंगआधी तो येत नाही. त्या दिवशी पॉलिसी लागणारच.

म्हणून राहायला गेल्यावर सर्व्हेअरशी असं ठरवा: आधी फक्त तो खालचा बिंदू मोजा आणि फोनवर सांगा. पूरपातळीच्या खाली असेल तर काम तिथेच थांबवा आणि तेवढ्याचेच पैसे घ्या. बरेच सर्व्हेअर याला तयार होतात. वर असेल तर उरलेले पैसे खुशाल द्या.

पण अर्ज मंजूर झाला तरी काय मिळतं? सक्ती जाते, तीही लेंडरने मान्य केलं तर. त्याला स्वतःच्या अधिकारात अट ठेवता येते. नव्या पद्धतीत दर झोनवर ठरत नसल्यामुळे प्रीमियम आपोआप उतरत नाही. तुम्हाला मिळते ती इन्शुरन्स न घेण्याची मुभा. ती वापरू नका, असं मी आग्रहाने सांगेन. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने तुमच्याच काउंटीतलं मॅनव्हिल गाव बुडालं. नकाशावरची ती पूरपातळी म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांच्या मॉर्गेजवर ती 26 टक्के होते. आपल्याकडची लाल पूररेषाही शंभर वर्षांतल्या पुराची मानतात, पण कृष्णाकाठच्या लोकांनी 2019 आणि 2021 असे मोठे पूर दोन वर्षांच्या अंतराने पाहिले. डाउन पेमेंटनंतर हात रिकामे असलेल्या कुटुंबाला घरात शिरलेलं पाणी स्वतःच्या खिशातून परवडत नाही.

पॉलिसी घेताना दोन गोष्टी तपासा. लेंडरची अट इमारतीपुरती असते; सामानाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. फेमाच्या पॉलिसीत एका कुटुंबाच्या घराला इमारतीसाठी कमाल 2,50,000 आणि सामानासाठी 1,00,000 डॉलर मिळतात. बेसमेंटमध्ये फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनेल धरतात, पण सोफा, कार्पेट, तिथे थाटलेलं देवघर यांचं काहीही मिळत नाही. पूर्ण सजवलेल्या बेसमेंटसाठी विकणारा जास्त किंमत लावत असेल, तर तेवढ्या भागावर घासाघीस करा.

आणि एक: मार्च 2024 पासून न्यू जर्सीत घर विकणाऱ्याला पुराचा इतिहास लेखी सांगणं बंधनकारक आहे. तो फॉर्म वकिलाकडून मागून घ्या आणि घरात आधी पाणी आलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर स्वतः वाचा. तिथे "हो" असेल, तर 900 डॉलरचा विचार बाजूला ठेवून आधी घराच्या किमतीबद्दल बोला.