उत्तर देऊ नकोस, पुढचं लिही

पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझी एकांकिका ‘उसनी’ आहे असं परीक्षक म्हणाले, म्हणून तू लिहिलेला चार पानी खुलासा वाचला. मुद्देसूद आहे. तो कुठेही पाठवू नकोस. उत्तर देऊ नकोस, पुढचं लिही.

१५९२ साली शेक्सपिअर २८ वर्षांचा होता. हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला, लंडनमध्ये नट. मार्चमध्ये ‘रोज’ नाट्यगृहात सहाव्या हेन्रीवरचं नाटक लागलं. ते निदान काही अंशी त्याचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ३ तारखेचा हिस्सा मालक हेन्स्लोच्या वहीत आहे: ३ पौंड १६ शिलिंग ८ पेन्स. घसघशीत रक्कम! नाटकातल्या शूर सरदार टॅल्बटच्या मरणाला हजारो प्रेक्षक रडले, असं लेखक टॉमस नॅशने त्याच वर्षी छापलं.

आणि त्याच वर्षी, नुकत्याच वारलेल्या नाटककार रॉबर्ट ग्रीनच्या नावावर एक पुस्तिका निघाली. ग्रीन केंब्रिज आणि ऑक्सफर्ड, दोन्हीकडचा एम.ए. पुस्तिकेत काय, तर हा आमच्या पिसांनी नटलेला उपटसुंभ कावळा! शेक्सपिअरच्याच नाटकातली वाघाच्या काळजाची ओळ मोडून त्याच्यावर फेकलेली.

शेक्सपिअरने छापील उत्तर दिल्याचं कुठेही सापडत नाही. प्लेगने नाट्यगृहं बंद, नटांच्या पोटाला चिमटा. तो कवितेकडे वळला. १५९३ मध्ये ‘व्हीनस अँड अडोनिस’ आलं, गावच्याच रिचर्ड फील्डने छापलेलं. शेक्सपिअरच्या हयातीतच त्या काव्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी ‘ल्युक्रीस’. मग ‘चेंबरलेनची मंडळी’ ही नाटक कंपनी, राणीपुढे प्रयोग. कळतंय ना? पुढचं लिही.

राहिली उसनवारी. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चं कथानक त्याने रोमन नाटककार प्लॉटसकडून घेतलं. प्लॉटसकडे जुळ्या भावांची एक जोडी होती. याने त्यांचे नोकरही जुळे केले आणि घोटाळा कितीतरी पटीने वाढवला. १५९४ च्या डिसेंबरात ग्रेज इनच्या वकिलांपुढे ते झालं. तू घेतलंस त्यात काय वाढवलंस, एवढंच स्वतःला विचार. परीक्षकांना सांगत बसू नकोस.

माझ्यावरही हा आळ आला होता. मी गप्प राहिलो. लोक म्हणाले, बोलत नाही म्हणजे चोरच. एक जिवलग मित्र त्यात तुटला, त्याची हळहळ आजही आहे. तरी गप्प राहिलो तेच बरोबर होतं. त्या वर्षात दोन अंकी नाटक उभं राहिलं. खुलासे करत बसलो असतो तर झालं असतं का? हट्टी म्हणतात मला, म्हणोत.

आता कामाचं. नव्या संहितेत दुसऱ्या प्रवेशातलं आईचं स्वगत फार लांबलंय. बहीण दारात उभी असताना ती एवढं बोलणारच नाही. ते अर्ध्यावर आण, बहिणीला मध्येच तोडू दे आणि रविवारी तालमीला घेऊन ये.